काकांची जिप्सी खालून बघायची तर काकांना काय वाटेल?

या वेळचं पत्र गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून आलंय. लिहिणारे शिक्षक आहेत, वय अडतीस, घरात बायको, दोन मुलं आणि आई. वडिलांच्या मागे कुळागराचं, म्हणजे सुपारीच्या बागेचं, सगळं यांच्यावर आलंय. कुळागर घरापासून दीड-दोन किलोमीटर आत, वाटेत एक ओहोळ आणि त्याच्या पुढे लाल मातीचा चढ, पावसात तिथे साधी गाडी चढत नाही. मारुतीची जिप्सी, म्हणजे चारही चाकं ओढणारी (फोर बाय फोर) जीपसारखी गाडी, घ्यायचं यांच्या मनात लहानपणापासून आहे आणि आता योग आलाय, कारण बायकोच्या मावशीचे यजमान, ज्यांना घरात सगळे काका म्हणतात, ते मांद्र्याला राहतात आणि त्यांची २००७ ची पेट्रोल जिप्सी विकतायत. घरातलेच म्हणून ४ लाख २० हजार. नवा रंग, मोठे टायर, पुढे लोखंडी गार्ड, आणि खालून आत्ताच काळं कोटिंग मारलेलं. यांचं बजेट सगळं मिळून ५ लाख, त्यातले २ लाख पतसंस्थेचं कर्ज. ते लिहितात, "मेस्त्रीला दाखवावी असं मला वाटतं, पण बायको आणि सासूबाई म्हणतात घरच्या माणसाची गाडी काय तपासायची, काकांना काय वाटेल. काका म्हणतात फोर बाय फोर कधी वापरलीच नाही, म्हणजे नव्यासारखीच आहे. मला गाडीतलं फार कळत नाही. डोळे मिटून घेऊ का?"

सर, डोळे मिटून घेऊ नका. पण तुमच्या घरचे म्हणतात त्यात काही अर्थच नाही असं पण मी म्हणणार नाही, कारण या गोष्टीतून मी स्वतः गेलेय.

माझ्या बाबांचं फोंड्याला छोटं गॅरेज होतं, म्हणजे गाड्यांच्या खाली सरपटतच मी मोठी झाले असं म्हणा. आणि तरी लग्नानंतर आम्ही पहिली जीप घेतली ती बाबांच्या एका जुन्या मित्राकडून, खाली न बघता. बाबा तेव्हा आजारी होते, त्यांना खाली वाकवत नव्हतं, आणि मला वाटलं हे तर मला कडेवर घेऊन फिरलेले, यांच्या गाडीखाली मी टॉर्च घेऊन शिरायचं म्हणजे कसं दिसेल. दोन महिन्यांनी अनमोड घाटात मागून कटकट आवाज यायला लागला म्हणून थांबलो, तर मागच्या पाट्याचा (स्प्रिंगचा) हँगर जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला लागतो तिथे चासीच चिरली होती. ती चीर पण नवीन नव्हती, कधीतरी कोणीतरी वर पट्टी ठेवून वेल्डिंग केलं होतं आणि त्यावर काळा रंग. बाबांच्या त्या मित्राला हे खरंच माहीत नव्हतं, त्यांनी ती तशीच दुसऱ्याकडून घेतली होती. पण आमच्या मनात आलं ते आलंच. दोन चवथी (गणेश चतुर्थी) आम्ही एकमेकांच्या घरी गेलो नाही. बाबा गेले तेव्हा ते आले, दाराशी उभे राहिले, आत नाही आले. मला ते अजून लागतं.

म्हणून तुमच्या पत्रात पहिली गोष्ट मला उलटी करून बघावीशी वाटते. तुम्ही धरून चाललाय की तपासणी म्हणजे काकांवर अविश्वास. मला वाटतं तपासणी केली नाही तरच काकांवर अविश्वास यायची वेळ येते. एकोणीस वर्षांच्या गाडीच्या पोटात काय आहे ते मालकाला पण माहीत नसतं, तो रोज दार उघडून आत बसतो, खाली कोण बघतो? काका खोटं बोलतायत असं मी मुळीच म्हणत नाहीये, त्यांना जेवढं दिसतं तेवढं ते खरं सांगतायत. म्हणून सरळ सांगा त्यांना, "काका, गाडी मला आवडलीय, पण मला यातलं कळत नाही आणि नंतर काही निघालं तर आपल्यात शब्दाला शब्द नको, म्हणून माझा मेस्त्री एकदा रॅम्पवर घेऊन बघणार, तुम्ही पण या सोबत." सोबत या हे नक्की म्हणा. जे निघेल ते दोघांना एकाच वेळी दिसलं की "तुझ्या मेस्त्रीने काहीतरी काढलं" हा विषयच राहत नाही. आणि हे फोनवर नको, घरी जाऊन, चहा घेताना.

दुसरं, तुम्हाला फोर बाय फोर खरंच लागते का? रागावू नका, तुमची आवड मला समजते, पण ते दोन लाख कर्जाचे आहेत. वर्षातून किती दिवस तो चढ तुम्हाला अडवतो ते एकदा वहीत लिहून काढा. सुपारी काढायच्या वेळेला पाऊस बहुतेक सरलेला असतो, तेव्हा तिथे साधा पिकअप पण जात असेल. अडचण जून ते सप्टेंबर, आणि त्यात पण रोज नाही. कधीकधी असं पण होतं की सगळी वाट बरी असते आणि एकाच वळणावर सगळं अडतं, तिथे चिरे बसवून दोन चाकोऱ्या केल्या आणि बाजूने पाणी जायला चर मारला की अर्धा प्रश्न संपतो, आणि ते काम जिप्सी घेतली तरी करावंच लागेल. मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्या वाटेने पायी जा, पाय किती रुततो, ओहोळाला पाणी किती आहे ते बघा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तुम्ही तर सह्याद्रीच्या पायथ्याला, तिथे किनाऱ्यापेक्षा जास्तच. हे सगळं बघून सुद्धा उत्तर "हो, लागते" असंच आलं तर मग घ्या, आणि मनापासून घ्या.

पण फोर बाय फोर म्हणजे कुठेही जाते, हे डोक्यातून काढा. जिप्सीची सिस्टम साधी आहे. टू-एच मध्ये फक्त मागची चाकं ओढतात, फोर-एच मध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट, म्हणजे चाकांकडे ताकद नेणारे दांडे, एकमेकांना बांधले जातात, फोर-एल म्हणजे तेच पण अगदी हळू आणि ताकदीने. पुढच्या-मागच्या मध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे दोन्हीकडच्या फिरण्यातला फरक सोसणारा गिअर, नाही. म्हणून कोरड्या डांबरावर फोर-एच टाकून वळलात तर पुढची चाकं मोठा फेरा मारतात, मागची छोटा, आणि तो फरक जायला जागा नसते, सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो, स्टेअरिंग जड होतं, गाडी झटके देते. तो बिघाड नाही, तशीच बनवलीय, ती माती, चिखल, वाळूसाठीच आहे. आणि पुढच्या ॲक्सलचं एक चाक आणि मागच्याचं एक चाक अशी दोन्ही गुळगुळीत चिखलात फिरायला लागली तर फोर बाय फोर असून गाडी जागची हलत नाही. जिप्सीचं खरं बळ तिच्या वजनात आहे, साधारण हजार किलोची हलकी गाडी, म्हणून ती रुतत कमी.

काका म्हणतात फोर बाय फोर कधी वापरलीच नाही. हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं, मला जरा काळजी वाटली. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर जाम होतो, सील सुकतात, पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल कोणी बदललेलंच नसतं कारण "वापरतो कुठे?" हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, पण तसंच. काही गाड्यांना पुढच्या चाकाच्या मधोमध हाताने फिरवायची चकती असते, ती लॉक केल्याशिवाय लिव्हर टाकून उपयोग नाही, आणि बऱ्याच वेळा ती गंजून बसलेली असते. काकांच्या गाडीला कुठल्या प्रकारचे हब आहेत, अजून कंपनीचेच आहेत की बदललेत, ते मेस्त्री बघून सांगेल. तुम्ही एवढं करा, एखाद्या मोकळ्या मातीच्या जागेत गाडी न्या, आधी टू-एच मध्ये चालवा, मग थांबून क्लच दाबून फोर-एच टाका, सरळ वीस-तीस मीटर पुढे, तेवढंच मागे, आणि मेस्त्रीला बाजूला उभं राहून वाकून बघू दे की पुढचा शाफ्ट फिरतोय आणि चाकं खरंच ओढतायत. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका, तो फक्त लिव्हर पडला एवढंच सांगतो. मग गाडी पूर्ण थांबवून फोर-एल, पहिला गिअर, आणि एखाद्या उतारावर ब्रेक न लावता हळू सोडा. लिव्हर आपोआप बाहेर उडत असेल तर ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी, खोलावी लागणार, ते खर्चाचं काम आहे.

आता मुख्य गोष्ट. गोव्यात जुनी फोर बाय फोर बघताना किती किलोमीटर चालली हे मी नंतर विचारते, आधी विचारते ती राहिली कुठे. किनाऱ्यावरच्या गाडीला खारा वारा खातो, आणि तो वरून नाही खात, आतून खातो. खाण पट्ट्यातून आलेल्या गाडीत तांबडी धूळ असते, ती ब्रेकच्या ड्रममध्ये, बुशमध्ये, एअर फिल्टरच्या मागे जाऊन बसते आणि कानस मारल्यासारखं सगळं झिजवते. २०१२ ला खाणी थांबल्या आणि २०१८ ला परत थांबल्या तेव्हा आमच्या फोंडा-उसगावच्या बाजूला अशा कितीतरी गाड्या स्वस्तात हातोहात गेल्या, त्या आज तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपा तर सीझनभर नदीच्या पाण्यातून जातात, तिथल्या ड्रायव्हरांना त्याची सवय असते, ते ऑइल आणि ग्रीस बघत राहतात, पण अशी गाडी विकली गेली आणि नव्या मालकाला हे माहीतच नसलं तर ॲक्सलच्या आत पाणी तसंच राहतं.

तुमची गाडी मांद्र्याची, म्हणजे किनाऱ्यावरची. समुद्रापासून किती आत, शेडमध्ये असते की माडाखाली उघड्यावर, कधी वाळूवर उतरवली होती का, हे काकांना प्रेमाने विचारा. (किनाऱ्यावर गाडी उतरवणं गोव्यात बेकायदेशीर आहे, पोलीस केस होते, आणि त्या बाजूला मोरजी-मांद्र्याला कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा गाडी घेतल्यावर तुम्ही पण हे करू नका.) पण विचारून काहीही उत्तर आलं तरी ते ताजं काळं कोटिंग मला खटकतंय. कोटिंग वाईट नाही, नवीन गाडीला तर मारावंच. पण आधीच गंज आलेल्या लोखंडावर कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि गंज झाकणाखाली आरामात वाढतो, वरून मात्र सगळं काळंभोर, चकचकीत. काकांनी गाडी चांगली ठेवायची म्हणूनच मारलं असेल. ज्याने मारलं त्याने आधी खरवडून, घासून मारलं का, ते बघायला पाहिजे.

कसं बघायचं सांगते. म्हापशाच्या बाजूला कुठल्याही सर्व्हिस स्टेशनवर रॅम्प मिळेल, पण आदल्या दिवशी गाडी धुवू नका असं सांगून ठेवा, तेल कुठे गळतंय ते धुतलेल्या गाडीवर दिसत नाही. जिप्सीची बॉडी वेगळी आणि खाली शिडीसारखी चासी वेगळी. पत्रा गंजला तर पत्रा बदलता येतो, पण चासी सडली तर गाडी संपली, असंच धरा. मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या, त्याच्या मुठीने चासीवर पुढून मागपर्यंत हळूहळू ठोकत जा, दर चार बोटांवर. चांगल्या लोखंडाचा आवाज टण्ण येतो, घंटेसारखा. सडलेल्या जागेवर ठप्प येतो, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. जिथे ठप्प आला तिथे काकांना विचारून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जरा दाबा. कोटिंगचा पापुद्रा सुटतो, त्याच्या खाली तपकिरी पापुद्रे एकावर एक निघतात, आणि कधीकधी टोक आत जातं. ते एकदा बघितलं की परत विसरत नाही माणूस.

सगळीकडे ठोकायचं पण चार जागांवर जास्त थांबायचं. पाट्यांचे हँगर जिथे चासीला लागतात, पुढे आणि मागे. सगळ्यात मागचा आडवा दांडा, चाकांनी उडवलेला चिखल आणि खारं पाणी तिथेच जाऊन बसतं. बॉडी जिथे रबराच्या बुशवर चासीवर टेकते त्या जागा. आणि चासीच्या पोकळ भागाच्या आत, तिथे जी छोटी भोकं असतात त्यातून टॉर्च मारून नाहीतर मोबाईलचा कॅमेरा घालून बघा, कारण कोटिंग बाहेरून लागतं, आत काही लागत नाही. कुठे वेल्डिंगची पट्टी दिसली, दोन बाजू सारख्या दिसत नाहीत, एका बाजूला रंग जाड आहे, तर थांबा. चासीवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा, इंजिनचा पण, आणि नंबराच्या आजूबाजूला घासल्यासारखं किंवा जोडल्यासारखं दिसत असेल तर गाडी कितीही चांगली असू दे, सोडा. मग आत या, मॅट उचला, पायाखालचा पत्रा हाताने दाबून बघा, बॅटरीच्या खालची जागा पण बघा.

ऑइलचं बघायला मेस्त्रीला दहा मिनिटं लागतात पण लोक ते करत नाहीत. पुढचा आणि मागचा डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केस, तिन्हीचे बोल्ट सैल करून थोडं ऑइल बोटावर घ्या. काळपट असलं तर जुनं आहे, बदलता येतं. दुधाच्या चहासारखं झालं असेल तर आत पाणी गेलंय, मग बेअरिंग आणि गिअरचा पण खर्च धरा. त्यात चमचमणारे बारीक कण थोडे असले तर चालतात, तुकडे असले तर नाही. पुढच्या चाकांच्या मागे जो गोल गोळ्यासारखा भाग असतो तिथून ग्रीस-ऑइल गळून चिखलाचा लेप झालेला असतो बऱ्याच जिप्सींना, ते सीलचं काम, घाबरायचं कारण नाही, पण किमतीतून कमी करून घ्या. जिप्सीत गिअरबॉक्स वेगळा, ट्रान्स्फर केस वेगळी, मध्ये एक छोटा शाफ्ट, म्हणजे पुढचा-मागचा धरून तीन शाफ्ट. प्रत्येक शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघायला सांगा, टोकाचे क्रॉस (सांधे) झिजले असले तर लगेच कळतं.

इंजिनचं थोडक्यात सांगते, ते मेस्त्रीला जास्त कळतं. सकाळी जा, तुम्ही येईपर्यंत सुरू करू नका असं सांगा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. थंड गाडी पटकन सुरू झाली पाहिजे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर गाडी गरम झाल्यावर पण थांबत नसला तर हेड गॅस्केटची शंका घ्या. ऑइलचं झाकण उघडून बघा, आत पिवळसर साय जमलीय का. १३०० सीसीच्या या इंजिनला टायमिंग बेल्ट असतो, चेन नाही, तो कधी बदलला याची पावती नसेल तर घेतल्या घेतल्या बदलायचा, विचार न करता. आणि आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, २००७ च्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत, ते सगळे बघून घ्या, कडक झाले असतील किंवा भेगा पडल्या असतील तर बदला, हा आगीचा प्रश्न आहे.

मग रस्त्यावर साठच्या आसपास स्पीड न्या. स्टेअरिंग थडथड हलायला लागलं तर साधं बॅलन्सिंग असू शकतं किंवा पुढच्या ॲक्सलचे किंगपिन बेअरिंग, म्हणजे चाक जिथे वळतं तिथले, गेलेले असू शकतात, दोन्ही बघा. आणि ते मोठे टायर. दिसतात छान, मला पण आवडतात, पण मूळ मापापेक्षा मोठे टायर असले की चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, म्हणजे मीटर किलोमीटर कमी दाखवतो. काकांचा मीटर जेवढं दाखवतो त्यापेक्षा गाडी जास्तच चालली आहे, मीटरला कोणी हात न लावता. ब्रेक आणि बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले पाहिजेत, नाहीतर फोर-एच मध्ये तो फरक ट्रान्स्फर केस सोसते.

पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातलीय, तो काढायला लागेल. आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेच्या बाहेर गाडीत फेरफार चालणार नाहीत. तुम्ही विचाराल सगळेच फिरतात की. फिरतात, पण तुमच्या गाडीला लवकरच आरटीओसमोर उभं राहायचंय. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस करून वाढवायचं. २००७ ची म्हणजे २०२२ ला एकदा वाढवलेलं असणार, आणि आता २०२७ ला परत. वीस वर्षांवरच्या कारसाठी ही फी २०२५ मध्ये १० हजार केलीय, पंधरा ते वीसमध्ये ५ हजार होती. तेव्हा आरसीवर तारीख बघा, २०२२ चं रिन्यूअल खरंच झालंय ना ते बघा, आणि २०२७ चा खर्च आताच हिशोबात धरा. काकांना सांगून मूळ टायर आणि मूळ बंपर घरात पडून आहेत का ते पण विचारा, लोक ते माळ्यावर टाकून विसरतात.

कागदांचं बोलतेय तर घरातल्या व्यवहारात एक गोष्ट हमखास होते, नावावर करायचं राहून जातं. "बघू रे चवथीनंतर", मग "दिवाळीनंतर", आणि चार वर्षं गाडी काकांच्याच नावावर. असं करू नका, तुमच्यापेक्षा काकांसाठी. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल, म्हणजे उद्या तुमच्या हातून अपघात झाला तर भरपाई काकांच्या डोक्यावर. नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी, त्याच दिवशी. इन्शुरन्स चौदा दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या, काकांचा नो क्लेम बोनस काकांचाच राहतो, तो तुम्हाला नाही येत. सरकारच्या एमपरिवाहन ॲपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, चलन, फिटनेस, इन्शुरन्स हे सगळं आधी बघून घ्या, कर्ज फिटलेलं असलं तरी बोजा बऱ्याच वेळा काढायचा राहिलेला असतो, त्याला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो.

बाकी वाचकांसाठी दोन गोष्टी मध्येच. परराज्यातली गाडी घेत असाल तर एनओसी, गोव्याचा रोड टॅक्स आणि नवा नंबर याचा हिशोब आरटीओत जाऊन आधी करा, दिल्लीकडच्या जुन्या डिझेल गाड्या तिथल्या वयाच्या निर्बंधांमुळे स्वस्त दिसतात, पण इथे आल्यावर तेवढ्या स्वस्त राहत नाहीत. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे आधी रेंट-अ-कॅब (स्वतः चालवायला भाड्याने दिलेली) असलेली गाडी असेल तर ती शंभर हातांनी चालवलीय हे धरूनच क्लच आणि गिअरबॉक्स बघा. २०१० नंतरची महिंद्राची जुनी थार बघत असाल तर तिच्या सीआरडीई (डिझेल इंजिनच्या) मॉडेलला पुढे पाटे नाहीत, टॉर्शन बार आहेत, स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा, पुढून कटकट आली तर ॲक्सलचे जॉइंट गेलेत, आणि जॉइंटची रबरी बूट फाटली नाही ना ते बघा.

सर, आता पैशांचं. इतक्या जुन्या गाडीला किमतीच्या वर निदान चौथा हिस्सा मी बाजूला ठेवते, पहिल्या वर्षाच्या कामासाठी. सगळी ऑइलं, बेल्ट, पाइप, बेअरिंग, सील, बॅटरी, मूळ मापाचे टायर, कितीही चांगली गाडी असली तरी एवढं निघतंच. ४ लाख २० हजाराला हा हिस्सा १ लाख ५ हजार, म्हणजे बेरीज ५ लाख २५ हजार, तुमच्या बजेटच्या बाहेर. उलटं मोजलं तर ४ लाखांच्या वर तुम्ही जाऊच शकत नाही, आणि ते पण चासी टण्ण वाजली तर. हे काकांना सांगायला लाजू नका, घासाघीस म्हणून नाही, हिशोबाचा कागद दाखवून. आणि ते नाही म्हणाले तर नाही, जिप्सी २०१९ पर्यंत बनत होती, आर्मीत अजून चालते, पार्ट मिळतात, दुसरी गाडी मिळेल.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं. तुमच्या पत्रात दोन मुलं आणि आई आहेत. जिप्सीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. मागच्या बाकड्यांवर मुलं बाजूला तोंड करून बसणार, तिथे बेल्ट आहेत का ते बघा. पॉवर स्टेअरिंग पण नाही. आईंचे गुडघे कसे आहेत मला माहीत नाही, पण मागून चढून बसणं साठीच्या पुढे सोपं नाही. ही कुळागराची गाडी म्हणून घेत असाल तर माझा पाठिंबा आहे, घरातली एकमेव गाडी म्हणून घेत असाल तर माझं मन होत नाही. वाळपईहून म्हापशाला मुलांना घेऊन रात्री पावसात जायचं तर दुसरं काहीतरी पाहिजे. टेस्टला जाताना बायकोला आणि आईंना सोबत न्या, मागे बसवून वीस मिनिटं फिरवा, आणि मग त्यांचं ऐका. बायकोला काकांची काळजी आहे असं तुम्ही लिहिलंय, पण त्यांना स्वतःला ही गाडी हवी का, ते पत्रात कुठेच नाही.

पुढच्या रविवारी जाताय ना, तर मेस्त्री तुमचा वाळपईचा घेऊन जा, काकांच्या ओळखीचा नको, त्याची दिवसाची मजुरी द्या, गाडी नाही घेतली तरी द्या. टॉर्च, मोठा स्क्रूड्रायव्हर, जुनी चादर, फडकं, आणि आरसीची झेरॉक्स. चासी चांगली निघाली आणि बाकी कितीही कामं निघाली तरी बोलणी करा, कामं होतात. चासीत एका जागी जरी टोक आत गेलं तर चहा घ्या आणि परत या, किंमत निम्मी केली तरी नको. काकांना मात्र तो पापुद्रा सुटलेला भाग हाताने दाखवून या, कारण उद्या ते ती गाडी दुसऱ्या कोणाला देतील, आणि तो पण आपल्या मुलांना मागे बसवून चोर्ला घाट चढणार.